कापा की रसाळ

मामंजी, सोडा आता.
टॉवेल वाळत घालायचा आहे.

सकाळपासून तिसऱ्यांदा सांगते.
ते आपल्याच हाताकडे बघतात,
शेजारचं पोर येऊन मांडीवर बसलंय
आणि त्याला उठवायचं कुणी, असा चेहरा करून.

धरायला त्यांना वेळ लागत नाही.
सोडायला लागतो.
सांखळीच्या इस्पितळात ऑर्लिंडा नावाची मुलगी
त्यांच्या मुठीत एक दांडी देते, काटा हलतो.
"दाबा." आठ किलो.
"सोडा."
आणि आम्ही तिघं काट्याकडे बघत थांबतो
डिचोलीची बस चुकलेल्या माणसांसारखे.
ताकद येईल, म्हणते ती.
किती लावायची, ते परत कळेलच असं नाही.
कागदाचा पेला दिला तर चुरगळतो,
पितळेचा तांब्या दिला तर निसटतो.

आणि हात कुणाचा?
डिचोलीच्या बाजारात चाळीस वर्षं
बायकांच्या हातांत काकणं भरणाऱ्या शाबू काकणकाराचा.
रोप लावून सुजलेले हात,
खाणीवरच्या बायकांचे, रेषांतला लाल न गेलेले,
मयड्याच्या किरिस्तांव नवरीचे, चुड्याला रडणारीचे,
आणि एकदा, दुकानाची फळी अर्धी ओढून,
एका विधवेचे.
हे मला सासूबाईंनी जाता जाता सांगितलं,
कुणाला सांगू नकोस म्हणून.

हात लांबून बघूनच माप सांगायचे, दोन-चार, दोन-सहा.
अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं,
तळव्याची होडी करायची.
काच आणि हाड यांच्या मध्ये जेवढी जागा
तेवढाच जोर.

माझा हात त्यांनी एकदाच धरला होता.
केरीला, मामाच्या घरी, चुड्याच्या दिवशी.
होणारा सासराच काकणं भरणार म्हणून
बायका पदराआड हसत होत्या.
माझ्या हाताचं लाकूड झालेलं.
त्यांनी वर न बघता विचारलं,
"पोरी, तुमच्या परसातला फणस कापा की रसाळ?"
मी म्हटलं, "दोन झाडं आहेत, विहिरीकडचं—"
आणि पहिलं काकण मनगटात होतं.

त्यानंतर सोळा वर्षं
मी चहाचा कप टेबलावर ठेवायची,
ते टेबलावरून उचलायचे.

आता रोज त्यांची बोटं एकेक करून उलगडते,
नखं कापते, तळव्याच्या घडीतला आंबूस ओलावा पुसते.
तेवढा वेळ ते कॅलेंडर वाचतात.
मागच्या महिन्याचं पान असलं तरी.

जांभई आली की हा हात आपोआप वर उठतो.
उचला म्हटलं की उठत नाही.
नातू हसतो. तेही हसतात, अर्ध्या तोंडाने.
दुकानात आता ह्यांनी लोशनची बाटली ठेवली आहे,
गिऱ्हाइकं आपापली घालून बघतात.
हे मी घरात बोलत नाही.

टॉवेल अजून मुठीत आहे.
ओढला तर मूठ आणखी आवळते.
ओढायचं नसतं, हे ऑर्लिंडानं सांगितलं,
पण मला ते केरीलाच कळलं होतं.

मी समोर पाटावर बसते.
त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी माझा अंगठा ठेवते,
दाबत नाही,
आणि वर न बघता विचारते,
"मामंजी, यंदा आधी कुठला पिकला?
कापा की रसाळ?"

तोंड शब्द शोधायला लागतं.
"र..." म्हणतात. "र..."
काल याच वेळी जमलं नव्हतं.
परवा जमलं होतं.
करंगळी हलते.
मी टॉवेलाकडे बघत नाही.